आजाराआधीचं औषध

माझ्या भाऊजींना आजारपणाचा भारी राग. आजार म्हणजे कुणीतरी आपल्या तोंडावर केलेला अपमान, असंच त्यांना वाटायचं. कुणी शिंकलं तर त्याच्याकडे असं बघायचे, की शिंकणाऱ्याला वाटावं, माफी मागून मोकळं व्हावं. माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, हा नवरा. उंच, काटकुळा, शर्टाच्या खिशात कायम एक चमचा. लोक पेन ठेवतात, हे चमचा ठेवायचे.

पोल्ट्री सांभाळणं हा त्यांचा धंदा. लांबच लांब दोन शेड, मधे उंचावर पाण्याची टाकी, टाकीखाली औषधांची खोली आणि त्या खोलीला चिकटून राहतं घर. कंपनी पिल्लं द्यायची, खाद्य द्यायची आणि कोंबड्या वजनाला भरल्या की गाडी पाठवून घेऊन जायची. मधल्या काळात त्यांना जगवणं हे भाऊजींचं काम. ताईचंही तेच काम होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. मेलेल्या कोंबड्या सकाळी वेचायच्या, पाण्याची भांडी घासायची, कोंबड्यांखाली पसरलेलं भाताचं तूस उकरून कोरडं करायचं, हे सगळं तिच्याकडे. टाकीत औषध घालणं मात्र फक्त भाऊजींकडे.

आजूबाजूचे लोक त्यांना वैद्यबुवा म्हणत. त्यात निम्मी चेष्टा असायची, पण ती निम्मी भाऊजींच्या कानापर्यंत कधी पोचलीच नाही. कुणाच्या कोंबड्या माना टाकायला लागल्या की तो माणूस यांच्याकडे धावत यायचा, आणि हे आपल्या खोलीत चपला बाहेर काढून शिरायचे. फळीवर ओळीनं डबे. औषधांची नावं त्यांना पाठ नव्हती, झाकणांचे रंग पाठ होते. पिवळं, निळं आणि पांढरं. नवी पिल्लं आली की पहिल्याच पाण्यात पिवळं. हवा बदलली की निळं. खाद्याची नवी गोणी फोडली की पुन्हा पिवळं, उगाच पोट बिघडायला नको. आणि पांढरं तर बाराही महिने थोडंथोडं, त्यानं कोंबडी अंग धरते म्हणून. बादलीत पूड ढवळायची, करंगळी बुडवून जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हां, बसलं." मग ते पाणी टाकीत.

"भाऊजी, कोंबड्यांच्या आधी तुम्हीच बरे व्हाल," मी म्हणायचे.

"म्हणून तर मला कधी ताप येत नाही, मेहुणीबाई," ते म्हणायचे. "पाण्याआधी वळण बांधावं. आजार आल्यावर औषध देणारा तो डॉक्टर. आजार यायच्या आधी देणारा तो खरा माणूस."

आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं म्हणतात. इथे तर रेडाही धडधाकट होता. पण हे मी आता बोलते आहे. तेव्हा मलाही त्यांचं कौतुकच होतं. मी शिलाईकाम करते. त्यांच्या शेडचे पडदे गोणपाट जोडून मीच शिवून दिले होते. पडदे लावायला गेले की अमोनियाच्या वासानं कांदा चिरल्यासारखं डोळ्यांतून पाणी यायचं. भाऊजी मात्र आत निवांत फिरायचे. थंडी वाढली की नव्या पिल्लांजवळ दिव्याखाली उकिडवे बसून राहायचे आणि त्यांच्याशी बोलायचे, "बायांनो, गर्दी करू नका गं, खालची चेंगरेल." माणूस वाईट नव्हता. हे मी अगोदरच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्यांच्याबद्दल बरंच वाईट बोलायचं आहे.

औषधांची ती खोली कोंबड्यांपुरती राहिली असती तरी एक वेळ ठीक होतं. पण हाताशी डबे असताना माणसांना सोडायचं कशाला? ताईची दाढ दुखली, घे चिमूटभर. भाचीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, खोकला झाला, घे चिमूटभर. लग्न होऊन ती लांब गेली तेव्हा तिच्या सामानात यांनी पिवळ्या पुडीची एक बरणी घालून दिली. तिनं ती पहिल्याच वळणावर फेकून दिली, असं तिनं मला एकदा हसत सांगितलं. तिच्यात तेवढी अक्कल होती.

"माणसांचं औषध वेगळं असतं हो," मी एकदा चिडून म्हटलं.

"औषध वेगळं असेल. जंतू वेगळा असतो का?" भाऊजी म्हणाले. "जंतूला काय कळतं, आपण कोंबडीत आहोत की माणसात?"

हे त्यांचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. त्याचा अर्थ तेवढा त्यांनी उलटा लावला होता.

गेल्या दोनेक वर्षांत एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडत होती. खिशातला चमचा मोठा झाला. आधी चहाचा होता, मग जेवणाचा आला, मग तर ते सरळ झाकणानंच मोजायला लागले. पहिल्यासारखा गुण येत नाही, अशी त्यांची तक्रार. ती तक्रार ते औषधवाल्याकडे करायचे. या औषधवाल्याचं नाव आम्ही गोडबोल्या ठेवलं होतं. मोटरसायकलवरून यायचा, हेल्मेट काढायच्या आधी हसायचा.

"भेसळ करता काय रे?" भाऊजी त्याला विचारायचे.

"काका, काय बोलता! डोस वाढवा थोडा. कोंबड्यासुद्धा हल्लीच्या वेगळ्या आहेत ना," गोडबोल्या म्हणायचा.

आणि भाऊजींना ते पटायचं. औषध चुकतंय असं त्यांना वाटे, कंपनी चुकतेय, हवा चुकतेय. आपण चुकतोय, हे काही केल्या डोक्यात येत नव्हतं.

ताईला लागलं ते अगदीच साधं. खाद्याच्या भांड्याचा पत्रा फाटला होता. तुसात वाकून काम करताना त्या फाटक्या कडेनं तिची नडगी खरवडली. तिनं चिंधी बांधली आणि राहिलेलं काम उरकलं. भाऊजींनी संध्याकाळी जखमेवर पिवळी पूड दाबली आणि पेलाभर पाण्यात थोडी ढवळून तिला पाजली. वर म्हणाले, "कोंबडी उठून उभी राहते ह्यानं, तू तर माणूस आहेस."

मला कळलं ते भाचीच्या फोनमुळे. "मावशी, आईचा आवाज बरा वाटत नाही. बाबा म्हणतात, औषध चालू आहे. त्याचीच मला भीती वाटते. तू जाऊन बघ ना."

मी गेले तर ताई कॉटवर बसून होती, गालांवर तापाची लाली. मला बघून तिनं पाय चादरीखाली ओढला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? मी चादर ओढली. नडगीपासून गुडघ्यापर्यंत पाय लाल, तुकतुकीत, हात लावावा तर चुलीजवळ नेल्यासारखा गरम. जखमेच्या तोंडाशी पिवळ्या पुडीचा आणि पुवाचा चिखल झाला होता.

"हे काय करून ठेवलंत?" मी भाऊजींवर ओरडले.

"पिवळ्यानं उतार पडला नाही म्हणून कालपासून निळं दिलंय. उद्यापर्यंत वाट बघू."

"उद्या तुम्ही बघा, मी हिला आत्ता घेऊन चालले."

खाद्याचा टेम्पो बाहेर उभा होता. रिकाम्या गोण्या पसरून त्यावर ताईला निजवलं आणि आम्ही तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत भाऊजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई वयानं लहान, पण आवाज बसका आणि करारी. त्यांनी पू काढला, थोडा तपासायला पाठवला, सलाईनमधून औषध सुरू केलं. ताप जागचा हलला नाही. औषध बदललं. ताप तसाच, आणि लाली गुडघ्याच्या वर सरकलेली. मग तपासणीचा रिपोर्ट आला आणि बाईंनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. लोखंडी टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत वाळलेलं एक रोप.

"जखमेतल्या जंतूंवर नेहमीची कुठलीच औषधं चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "यांना याआधी काय काय दिलं होतं?"

भाऊजी खुर्चीत सावरून बसले. मला आठवतंय, त्यांची मान जरा ताठ झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्या विषयातलं विचारलं होतं. पिवळं कधी, निळं कधी, कोंबड्यांना किती, घरात किती, सगळं त्यांनी सांगितलं.

"कोंबड्या आजारी पडल्यावर देता ना?"

"छे हो! आजारी पडूच देत नाही. आधीच देतो."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग लहान मुलाला समजवावं तसं हळू बोलल्या. औषध रोज थोडंथोडं मिळालं की कच्चे जंतू मरतात आणि पक्के तेवढे उरतात. मग त्या पक्क्यांचीच वस्ती वाढते. कोंबडीच्या पोटात, विष्ठेत, तुसात, पाण्यात आणि तिथे काम करणाऱ्या माणसांच्या हातांवर. ताईच्या पायात शिरला तो जंतू तुमच्या शेडमध्ये शिकून तयार झालेला आहे.

भाऊजींनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर हलवावी तशी नुसती हलवली.

"एक औषध उरलंय," बाई म्हणाल्या. "जुनं आहे, किडनीला त्रास देतं. म्हणून आम्ही ते अगदी शेवटी काढतो. बाकी सगळं संपल्यावर." आणि त्यांनी त्या औषधाचं नाव सांगितलं. ते नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही.

भाऊजींनी पुन्हा विचारलं, "काय म्हणालात?" बाईंनी पुन्हा सांगितलं. आणि भाऊजी हसले. इतके दिवस सुतकी असलेला चेहरा एकदम उजळला. नावं पाठ नसली तरी हे एक नाव त्यांना ठाऊक होतं, कारण गोडबोल्या ते दर खेपेला घ्यायचा.

"अहो, मग काळजी कसली! हे तर आमच्याकडे डब्यानं आहे. पांढरं! सांगा किती हवंय, आत्ता घेऊन येतो."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही हे कोंबड्यांना देता? कशासाठी?"

"वजनासाठी. सगळेच देतात."

बाई भाऊजींकडे बघत होत्या, भाऊजी त्यांच्याकडे. त्यांच्या तोंडावरचं हसू जायला फार वेळ लागला. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही.

औषध तरीही सुरू झालं, दुसरं होतंच काय? मोठे सर्जन पाय कापायचं बोलले होते, पण तेवढ्यात जंतू रक्तात उतरले आणि तेही राहिलं. ताईला वेगळ्या खोलीत हलवलं. आत जायचं तर अंगावर झगा, हातात मोजे, तोंडाला मास्क. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारायला गेले, तर नर्सनं मला मागे ओढलं.

ताईला मात्र थट्टा सुचत होती. "मलापण आजारी कोंबड्यांच्या खोपट्यात टाकलं का गं?" तिनं विचारलं.

"गप्प पड. बोलू नकोस."

"भांडी कोण घासतंय शेडमधली?"

"घासतंय कुणीतरी." कुणीच घासत नव्हतं.

"त्यांना बोललीस ना तू? तुझं तोंड मला माहीत आहे. बोल, पण ते जेवल्यावर बोल. उपाशीपोटी त्यांना लागतं फार."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मास्कच्या आत रडलं की श्वास कोंडतो, हे मला तिथे कळलं.

इकडे शेडचं वेगळंच चाललं होतं. भाऊजी एक दिवसाआड घरी जाऊन कोंबड्या बघून यायचे आणि येताना तोंड आणखी उतरलेलं असायचं. कोंबड्यांनी माना टाकल्या होत्या. पिवळं दिलं, निळं दिलं, काही नाही. एका सकाळी ताईचे कपडे आणायला मी गेले, तर शेडच्या दारापाशीच थबकले. एरवी त्या शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही इतका गलका असतो. त्या दिवशी माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. आत पांढरे ढीग, काही अजून पाय झाडणारे. भाऊजी औषधांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांच्यामागे फळीवर एक नवाकोरा डबा. हिरवं झाकण. सील शाबूत.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गोडबोल्या देऊन गेला. नवीन निघालंय. म्हणाला, ह्याला तोड नाही."

"मग घातलं का नाही पाण्यात? समोर औषध ठेवून कोंबड्या मारताय? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लालभडक, दाढी वाढलेली. "डॉक्टरबाई काय म्हणाल्या, विसरलीस? कोंबड्यांना दिलं की त्याची ताकद जाते. जंतू शिकतात. हे अजून एकाही कोंबडीच्या पोटात गेलेलं नाही. कालपासून उघडलंसुद्धा नाही मी." मग आवाज अगदी खाली गेला. "हिच्यासाठी ठेवलंय."

उभ्या आयुष्यात या माणसानं पहिल्यांदा औषध हातात असून दिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांदेखत सगळी बॅच मेली होती आणि त्यानं हात बांधून बघितलं होतं, बायकोसाठी. खोटं कशाला बोलू, मलाही आशा वाटली. कोंबड्यांचा डबा माणसाला कसा देतील, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण नाव तर कळेल, त्या नावाचं माणसांचं औषध बाई शोधून काढतील, असं मी मनाशी जुळवलं. बुडत्याला काडीचा आधार. कपडे तसेच राहिले. आम्ही दोघं डबा पिशवीत घालून धावत निघालो.

बाई राउंड संपवून नुकत्याच बसल्या होत्या. भाऊजींनी डबा दोन्ही हातांनी त्यांच्या टेबलावर ठेवला.

"सील बघून घ्या," ते म्हणाले. "कुणाला दिलेलं नाही."

बाईंनी डबा फिरवला. वर मोठ्या अक्षरात चमकदार नाव, कोंबडीचं चित्र. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तळाशी छापलेली बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेतच मला सगळं कळलं.

"हे तेच आहे," त्या म्हणाल्या. "यांना आत्ता चालू आहे तेच."

"नाही हो. ते पांढरं. हे हिरवं आहे."

"झाकण वेगळं आहे, काका. नाव वेगळं आहे. आतलं औषध तेच आहे."

"पण त्यानं सांगितलं, नवीन निघालंय..."

"आणि त्याचा यांना काही उपयोग होत नाहीये. हे मी आज तुम्हाला सांगणारच होते." बाईंचा बसका आवाज आणखी बसला. "आमच्याकडे आता दुसरं काही नाही. भेटून घ्या त्यांना."

भाऊजींनी वाद घातला नाही. डबा उचलून पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि नर्सनं दिलेला झगा उलटा अंगात घातला. तो मी सरळ करून दिला. त्यांचे हात मोज्यात जाईनात, म्हणून एकेक बोट मीच घातलं.

ताई जागी होती. ओठ कोरडे, श्वास आखूड, पण नजर साफ. भाऊजी जवळ गेले तशी तिला पिशवी दिसली.

"काय आणलंत?"

"औषध," भाऊजी म्हणाले. "नवीन आहे. भारी आहे."

मी दारात उभी होते. म्हटलं, आता हा माणूस रडणार. पण नाही रडला. त्यांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे बसले.

"कोंबड्यांना दिलंत?" ताईनं विचारलं.

"नाही. आधी तुला."

तिच्या कपाळाला आठी पडली. तेवढीसुद्धा ताकद कुठून आणली तिनं, कोण जाणे. "वेडे आहात का हो? तिकडे सगळ्या मरतील. जा, आधी त्यांना घाला पाण्यात. मला काय घाई आहे? मी थांबते."

"बरं," भाऊजी म्हणाले. "घालून येतो."

पण ते उठले नाहीत. मोज्यातल्या हातानं तिचा हात धरून बसून राहिले. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडून पुन्हा विचारलं, "गेला नाहीत अजून?" ते म्हणाले, "जाऊन आलो. प्यायल्या सगळ्या. उठून उभ्या राहिल्या."

ताईला बरं वाटलेलं दिसलं. तिनं डोळे मिटले. ऊन उतरायच्या आत ती गेली, आणि भाऊजी तिला अजून सांगतच होते, कोंबड्या दाणे टिपायला लागल्या म्हणून.